भांडी घासतानाही नाच दिसतो

प्रश्न : मी बारा वर्षं कथक शिकले. यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात धुणं-भांडी करणाऱ्या बाईची भूमिका मिळाली आहे. दिग्दर्शक सारखे म्हणतात, "तुझं कपडे पिळणंसुद्धा नाचासारखं दिसतं." काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कथक विसरायच्या मागे लागू नका. बारा वर्षांचं वळण निघत नाही, निघूही नये.

एकदा मी रंगमंचावर दळण दळत होते. पहिल्या रांगेतली माझी मावशी नंतर म्हणाली, "जात्यात दाणे कुठं होते गं?" माझे हात छान गोल फिरत होते, पण दगडाचा भार त्यांना लागतच नव्हता. तुमचंही तेच होत असावं.

नृत्यकार आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) हालचालीत चार गोष्टी बघायचे : वजन, वेळ, जागा आणि ओघ. जोर आहे की हलकेपणा? झटका की सावकाशी? हात थेट जातो की वळसे घेत? आणि ओघ मोकळा की आवरून धरलेला? पहिल्या तिन्हींच्या जुळणीतून त्यांनी आठ मूळ क्रिया काढल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात औद्योगिक सल्लागार एफ. सी. लॉरेन्स यांच्याबरोबर त्यांनी इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगारांच्या हालचाली अभ्यासल्या. म्हणून ही पद्धत मला नाचाइतकीच कष्टाच्या कामालाही जवळची वाटते.

त्या आठांत 'पिळणं' आहेच : जोरकस, सावकाश, वळसेदार. यातला फक्त जोर काढा, बाकी तसंच ठेवा. जे उरतं त्याला लाबान 'तरंगणं' म्हणतात. दिग्दर्शकांना खटकतंय ते हेच, असं मला वाटतं.

आठवडाभर रोज घरी जाड चादर भिजवून पिळा. जोर मनगटातून येतो की टाचांपासून कंबरेतून वर चढतो, ते बघा. श्वास कुठं अडतो, जबडा कधी आवळतो, तेही. मग लगेच चादरीशिवाय तेच करा. कंबर ताठ झाली आणि मनगट एकटंच फिरू लागलं, तर पुन्हा चादर हातात घ्या. घाई नको.

नंतर संहितेकडे वळा. मालकीण आत आली की ओघ आवरता येईल. राग आला की सावकाशीच्या जागी झटका आणा, पिळण्याचा फटकारा होतो. तालमीला मात्र खरी भरलेली बादली मागा, रिकामी चालवून घेऊ नका.