आज अंगात त्राण नाही, पण ओटा तसाच आहे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत एकच सूर आहे: घर स्वच्छ हवंय, पण घासायची ताकद नाही. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : लोकलने घरी पोहोचायला साडेआठ वाजतात. जेवणं उरकली की भांड्यांकडे बघवत नाही. सकाळी तोच ढीग, वर झुरळं. रात्री कमीत कमी काय केलं तर चालेल? (डोंबिवली)

उत्तर : भांडी रात्रीच घासली पाहिजेत असं काही नाही. ती वाळू मात्र देऊ नका. भात, कणीक, पिठलं ओलं असेपर्यंत नुसत्या पाण्याने सुटतं. रात्रभर वाळलं की त्यातला स्टार्च धातूला चिकटून बसतो आणि सकाळी तारेची घासणी हातात घ्यावी लागते.

खरकटं आधी ओल्या कचऱ्याच्या डब्यात झटका. सगळ्यांत मोठ्या पातेल्यात दोन लिटर कोमट पाणी आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड घाला. वाट्या, चमचे, पळ्या त्यात बुडवा आणि वर झाकण ठेवा. झाकण नसेल तर खरकट्या पाण्यावरच झुरळं येतात. तेलकट कढई यात घालू नका, नाहीतर तिचा तवंग सगळ्या भांड्यांना लागतो. तिच्यातलं तेल जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या आणि ती वेगळी ठेवा. लोखंडी तवा आणि बिडाची भांडी भिजत ठेवली तर गंजतात, ती फक्त पुसा. सुरीही फेसाच्या पाण्यात नको, सकाळी झोपेत हात घालाल. सकाळी पहिल्यांदा ते पाणी ओतून टाका, मग घासा. उन्हाळ्यात रात्रभरात त्याला वास येतो, पण भांडी हाताच्या एका फेऱ्यात निघतात.

दूध किंवा खीर करपलेलं स्टीलचं पातेलं असेल तर तळ बुडेल इतकं पाणी, त्यात दोन चमचे खायचा सोडा, पाच मिनिटं उकळी आणि गॅस बंद. सकाळपर्यंत करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा चालत नाही, ते काळवंडतं. तिथे साबणाचं गरम पाणीच बरं.

मग ओटा. फोडणीचे उडालेले तेलाचे थेंब त्याच दिवशी साध्या ओल्या फडक्याने निघतात. तेच दोन-तीन आठवडे राहिले तर हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतात आणि डिंकासारखा पिवळा थर धरतात. एक्झॉस्ट फॅनवर दिसतो तो हाच. म्हणून शेगडीमागच्या टाइल्स कोमट असतानाच एक हात फिरवा. शेवटी ओटा आणि सिंक कोरड्या फडक्याने पुसा. झुरळांना अन्नाइतकंच पाणी लागतं, आणि ही गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. फरशी, डबे, बर्नर रविवारपर्यंत थांबू शकतात.

धुलाईच्या धंद्यात हा हिशेब जुना आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी तो १९५९ मध्ये मांडला: स्वच्छतेला रसायन, उष्णता, घासण्याचा जोर आणि वेळ अशा चार गोष्टी लागतात, आणि एक कमी पडली की बाकीच्या वाढवाव्या लागतात. दमलेल्या माणसाकडे जोर नसतो. वेळ मात्र तो झोपलेला असतानाही काम करत असतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. नळांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे थर बसतात, घासून खांदा भरून येतो. बाजारातलं फरशीचं ॲसिड आणावं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नको. ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याच्या वाफेने घसा जळतो, नळाची चकाकी जाते आणि टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंटही खाल्लं जातं.

पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो साबणाने विरघळत नाही, म्हणून कितीही घासलं तरी व्यर्थ. त्याला सौम्य आम्ल पुरतं. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा. जुन्या बनियनची पट्टी त्यात भिजवून नळाभोवती गुंडाळा, वर रबरबँड लावा आणि अर्धा तास दुसरं काहीतरी करा, किंवा काहीच करू नका. भिंतीवरून पाणी ओघळून जातं, म्हणून टाइल्सवर याच द्रावणात भिजवलेले टिश्यू पेपर चिकटवायचे. शॉवरच्या जाळीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत द्रावण भरून ती शॉवरला बांधा. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने हलकं घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. थर जाड असेल तर एकदाच रात्रभर ठेवण्यापेक्षा दोन दिवस अर्धा-अर्धा तास ठेवा. जास्त वेळ राहिलं तर नळाचा मुलामाच बिघडतो.

संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा आणि जुन्या इमारतींतली मोझॅकची लादी इथे लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक काहीही चालत नाही. हे दगड किंवा त्यांतले खडे त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आम्लाला डाग कुठला आणि फरशी कुठली ते कळत नाही, दोन्ही विरघळतं आणि फरशी कायमची निस्तेज होते.

दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. यापैकी कोणतंही आम्ल आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच बाथरूममध्ये वापरू नका. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. उग्र वास आला तर पाणी ओतत बसू नका. दार उघडं टाकून बाहेर या.

थर पुन्हा बसू नये यासाठी शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर एकदा भिंतीवरून खाली ओढायचा. मिनिटभराचं काम आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी करायचं, फक्त बाईने नाही.

प्रश्न : खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की फेस येतो. त्याने सगळं निघतं म्हणतात, खरं का? (सातारा)

उत्तर : फेस छान दिसतो, उपयोग जवळजवळ शून्य. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना संपवतात. उरतं ते खारट पाणी. सोडा तेलकट डागाला आणि व्हिनेगर पाण्याच्या पांढऱ्या डागाला, असे वेगवेगळे वापरा.

प्रश्न : चिकनगुनिया होऊन दोन महिने झाले, बोटं आणि मनगटं अजून दुखतात. घरात काय सोडून दिलं तर चालेल आणि काय नाही? (नागपूर)

उत्तर : धूळ, काचा, कपाटं, देवघराची तांब्या-पितळेची भांडी, हे सगळं खुशाल सोडा. पिण्याचं पाणी, स्वयंपाकाचं फडकं आणि साचलेलं पाणी या तीन गोष्टी मात्र सोडू नका.

साचलेल्या पाण्यापासून सुरू करा, कारण तुमचा आजार तिथूनच आला. एडिस डासाची मादी अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी असताना महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली आणि पाण्याचा पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून ब्रशने घासावे लागतात. तुमची मनगटं दुखत असताना हे काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. संकोच करू नका.

ओटा पुसायचं फडकं ओलंच लोळत राहिलं तर त्यात सगळ्यांत जास्त जंतू वाढतात. तीन फडकी ठेवा. रोज एक धुवायला टाका, आठवड्यातून एकदा तिन्ही पाच मिनिटं उकळा आणि उन्हात वाळवा. पिळायला त्रास होत असेल तर पातळ आणि हातरुमालाएवढी घ्या. ती सिंकच्या कडेवर तळहाताने दाबली तरी पाणी निघतं. फरशीसाठी पायाने दाबायची पेडलवाली मॉपची बादली घेणं परवडत असेल तर जरूर घ्या.

टॉयलेटलाही ब्रश रोज लागत नाही. क्लीनर कडेखाली गोल फिरवून तसाच सोडा आणि मग फ्लश करा. बाटलीवर जी वेळ लिहिली असेल तीच पाळा.

प्रश्न : फरशी रोज पुसते, तरी पायाला चिकट लागते. जास्त फिनेल घालायला हवं का? (रत्नागिरी)

उत्तर : उलट, बहुधा जास्त घालताय म्हणूनच चिकटतं. जास्तीचं फिनेल किंवा लिक्विड पाण्याबरोबर उडत नाही, फरशीवर थर धरतं आणि त्यावर धूळ बसते. चार-पाच लिटर पाण्याला एक झाकण, म्हणजे साधारण २० मिली, पुरतं. साचलेला थर काढायला दोन दिवस नुसत्या कोमट पाण्याने पुसा. दर दोन खोल्यांनंतर पाणी बदला, नाहीतर बैठकीतली घाण स्वयंपाकघरात पसरवत बसाल. पावसाळ्यात कोकणच्या हवेत फरशी वाळतच नाही, म्हणून पुसण्याआधी पंखा लावून ठेवा.

पंखाच धुळीने भरला असेल तर तो आधी, फरशी नंतर. मेन स्विच बंद करून जुनी उशीची खोळ एकेका पात्यावर चढवा आणि दाबून मागे ओढा, धूळ आतच राहते. शिडीवर चढवत नसेल, चक्कर येत असेल, तर पंखा तसाच राहू द्या.