मायावती: पर्सवाला पुतळा आणि एकुलता एक आमदार

मायावतींच्या कारकिर्दीत पुतळे आणि नोटांचे हार सोडून काही आहे का, असं विचारलंय. भरपूर आहे.

१९७७ साली दिल्लीतल्या एका सभेत मंत्री राजनारायण दलितांना सारखं ‘हरिजन’ म्हणत होते. एकवीस वर्षांच्या एका शिक्षिकेने व्यासपीठावरून त्या शब्दावरच त्यांना धारेवर धरलं. ते कानावर गेल्यावर, पुढे बहुजन समाज पक्ष (बसप) काढणारे दलित नेते कांशीराम तिच्या घरी आले. ती आयएएसची तयारी करत होती. कलेक्टरच तुझ्यासमोर फाइली घेऊन उभे राहतील, अशा अर्थाचं काहीसं ते म्हणाले.

पुढे कैराना, बिजनौर, हरिद्वार असे ओळीने पराभव. १९८९ मध्ये बिजनौरनेच लोकसभेत पाठवलं. २ जून १९९५ ला लखनौच्या सरकारी गेस्ट हाउसला समाजवादी पक्षाच्या जमावाने वेढा घातला, त्या आत अडकल्या. दुसऱ्याच दिवशी, भाजपच्या पाठिंब्यावर, देशातली पहिली दलित महिला मुख्यमंत्री! वय ३९. ‘मनुवादी’ म्हणून ज्यांना झोडपलं, त्यांच्याच खांद्यावर बसून सत्ता घेतली, हा आक्षेप तेव्हापासूनचा आणि तो खोटा नाही. पण इंदिरा गांधींमागे नेहरू होते. कांशीरामांकडे वारशात द्यायला सत्ताच नव्हती, ती दोघांनी मिळून उभी केली. २००७ मध्ये ब्राह्मणांनाही सोबत घेऊन उत्तर प्रदेश विधानसभेच्या ४०३ पैकी २०६ जागा आणल्या.

आता पुतळे. हयातीतच स्वतःचा पुतळा, तोही हातात पर्स घेतलेला, हे मलाही पटलेलं नाही. २०१२ च्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने ते पुतळे आणि दगडी हत्ती (हत्ती हे बसपचं चिन्ह) झाकायला लावले. पण ज्यांना चौकात उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांनी चौकच बांधला, हे त्यामागचं राजकारण आपण फार चटकन हसण्यावारी नेतो. (फुले आणि शाहूंच्या नावाने जिल्हे त्यांनी उत्तर प्रदेशात केले, आपल्याकडे अजून एकही नाही. अखिलेश यादवांनी ती नावं नंतर पुसली, ते वेगळं.)

माझी खरी तक्रार दुसरी आहे. त्यांनी दुसरी फळी वाढूच दिली नाही. एकेक जुना सहकारी गेला किंवा काढला गेला. भाचा आकाश आनंदला वारस नेमलं, हटवलं, परत घेतलं, हाकललं, पुन्हा घेतलं. २०२२ च्या विधानसभेत बसपचा एकच आमदार निवडून आला, बलिया जिल्ह्यातल्या रसड्याचे उमाशंकर सिंह. तेही ठाकूर.