बायपॅप लावलेल्या वडिलांना पालथं झोपवलं तर गुदमरतील का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना न्यूमोनिया झालाय, आयसीयूत बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा आत ढकलणाऱ्या मशीनचा, मास्क लावलाय, आणि आता डॉक्टर पालथं झोपवायचं म्हणायलेत, तर गुदमरणार नाहीत का. दादा, मी इथंच सोलापुरात आयसीयूत ब्रदर आहे, कोरोनात हा प्रश्न रोज ऐकला. एक काकू तर माझ्यावर खेकसल्याच, "आधीच दम लागलाय आन् वरनं पालथं घालताय व्हय?"

गुदमरत नाहीत. उताणं असताना हृदयाचा आणि पोटाचा भार फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतो, न्यूमोनियात तो भाग सुजून आधीच जड झालेला असतो, मग तो दबून मिटतो. आणि फुप्फुसाचा मोठा वाटा पाठीकडंच, रक्तही तिकडं भरपूर, म्हणजे रक्त पोचतंय पण हवा नाही. पालथं केलं की तो भाग उघडतो आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, चढतं. सगळ्यांचं चढतंच असं नाही.

आता खरं सांगतो, मास्क लावून पालथं करणं कटकटीचं काम आहे. मान एका कुशीला वळवावी लागते, मास्क सरकतो, हवा गळते, मशीन बोंबलत बसतं. पोट भरलेलं नको, उलटी झाली आन् मास्क तोंडावर असला तर ती छातीत जाते. उशा कमी पडल्या की आम्ही नातेवाइकांच्या सोलापुरी चादरी गुंडाळायचो, छातीखाली एक, कमरेखाली एक, नडगीखाली दोन, त्याच्यासारखी उशी नाही. पहिल्यांदा वीस मिनिटंसुद्धा काढवत नाहीत, तेव्हा कुशीवर ठेवून हळूहळू वाढवायचं.

पण सॅच्युरेशन ९५ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांचा पालथं झोपवण्यावर मोठा अभ्यास आला, त्यात २८ दिवसांतले मृत्यू साधारण ३३ टक्क्यांवरून १६ वर आले, पण ते पेशंट घशातून श्वासनलिकेत ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवरचे, रोज १६ तासांच्या आसपास पालथे. जागेपणी पालथं झोपवण्याचा सहा देशांतला अभ्यास २०२१ चा, हाय फ्लो ऑक्सिजनवरच्या (नाकातून जोरात ऑक्सिजन देतात तो) अकराशेच्यावर कोविड पेशंटचा, त्यात ट्यूबची गरज थोडी कमी झाली, मृत्यूत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणून मी आकड्यापेक्षा माणसाकडं बघतो, श्वास मिनिटाला ३०-३५ च्या वर चाललाय का, मानेच्या शिरा ताणल्यात का, हाक मारली तर नीट ओ देतात का. गुंगी यायला लागली तर पालथं ठेवून वाट बघत बसायचं नाही, ट्यूब टाकायला उशीर झाला की तेच महागात पडतं. डॉक्टरांना सरळ विचारा, किती तास बघणार आणि काय झालं की ट्यूब टाकणार.

आणि हो, कवळी असेल तर काढून घ्या, डबीत घालून स्वतःकडं ठेवा, आयसीयूत हरवली की सापडत नाही.