कृषी सल्ला : ट्रॉलीत ओंडके भरताना ट्रॉलीवाल्याचं ऐकू नका, ब्रेकचा विचार करा

प्रश्न (ढेबेवाडी खोरे, ता. पाटण) : बांधावरच्या बाभळी तोडल्यात. ओंडके कराडच्या वखारीत न्यायचे आहेत. ट्रॅक्टर 35 एचपीचा, ट्रॉली दोन चाकी. ट्रॉलीवाला म्हणतो, पाट्यात (चाकावरच्या स्प्रिंगमध्ये) दोन पानं वाढवा आणि पाच टन बिनधास्त भरा. भरू का? आणि बांधायचं कशानं?

उत्तर : भरू नका. पानं वाढवली की ट्रॉली खाली बसत नाही, एवढाच फरक पडतो. त्यानं ब्रेक वाढत नाही. दोन चाकी ट्रॉल्यांना बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. मागचा सगळा रेटा ट्रॅक्टरनं थोपवायचा असतो, आणि तुमचा ट्रॅक्टर स्वतः भरतो पावणेदोन-दोन टन.

आता ओंडक्याचं वजन बघा. 10 फूट लांब, 2 फूट जाड ओंडका म्हणजे खरे 31 घनफूट. ओली बाभूळ पाण्याइतकी तरी जड असतेच, म्हणजे घनफुटाला 28 किलो. एक ओंडका जवळपास 900 किलोचा झाला. वखारीच्या पावतीवर याच ओंडक्याचे साडेचोवीस घनफूट लिहिलेले असतात, कारण तिथं घेराचा चौथा भाग ही चौकोनाची बाजू धरून माप काढतात. त्या आकड्यावरून वजन काढलंत तर पाचव्या हिश्श्यानं फसाल. असे चार ओंडके भरले की साडेतीन टन होतात, वर ट्रॉलीचं वजन वेगळंच.

माझा हिशेब सरळ आहे. वाटेत उतार असेल तर भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या फार वर जाऊ देऊ नका. तुमच्या बाबतीत एका फेरीला असा एकच जाड ओंडका. सपाट रस्त्याला दोन. फेऱ्या वाढतील, डिझेल जास्त जाईल, जाऊ द्या. त्याहून बरं म्हणजे शेतापासून डांबरी सडकेपर्यंत ट्रॉली वापरा आणि पुढं ट्रक लावा. दोन-चार शेजाऱ्यांनी माल एकत्र केला तर ट्रकभाडं अंगावर येत नाही. मी प्रत्येक गावात हेच सांगतो.

उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. डिझेल वाचतं म्हणून ड्रायव्हर एकमेकांना शिकवतात. ते चूक आहे. उतार लागण्याआधीच लहान गिअर टाका आणि क्लचवरून पाय काढा. मधेच क्लच दाबलात की इंजिनाचा धरलेला जोर सुटतो आणि मागचं लाकूड ट्रॅक्टरला ढकलायला लागतं. आणखी एक, जे नव्वद टक्के लोक विसरतात असं मला शेताशेतात दिसतं : डाव्या-उजव्या ब्रेकच्या पायट्या एकत्र जोडणारा खटका. नांगरताना तो सोडलेला असतो आणि सडकेवर तसाच राहतो. भरल्या ट्रॉलीनिशी एकाच पायटीवर पाय पडला तर एकच चाक जाम होतं, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली अंगावर येते. सडकेला लागण्याआधी खाली वाकून खटका हातानं बघा.

ओंडके उभे, म्हणजे ट्रॉलीच्या लांबीत ठेवा. जाड बुंधा पुढं, शेंडा मागं. भार आसाच्या थोडा पुढं पडला पाहिजे. मागं पडला तर ट्रॉलीची दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे खाते. ‘पुढं उचलतंय’ म्हटलं की मेकॅनिक हूक वर घ्यायला सांगतो. घेऊ नका. ट्रॉली ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढदांड्यालाच जोडायची. टॉप लिंकच्या जागी, म्हणजे अवजाराच्या वरच्या दांड्याच्या जागी, जोडून ओढलंत तर ट्रॅक्टर घोड्यासारखा मागं उलटतो, आणि ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

आता बांधणं. ट्रॉलीच्या बाजूच्या फाळक्यावर भरवसा नको, तो पत्रा आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन लोखंडी खुंटे बसवून घ्या आणि लाकूड खुंट्याच्या वर जाऊ देऊ नका. साखळी दोन ठिकाणी, पुढं आणि मागं, वरून आवळायची. नायलॉनचा दोर चालणार नाही; तो ताणतो. उसाच्या ट्रॉलीवरची जुनी वायर वापरायची असेल तर आधी तिच्यावरून फडकं फिरवा. फडकं अडकलं तर तार तुटायला लागली आहे, वायर भंगारात द्या. हात फिरवू नका, तळवा फाटतो. पहिल्या एक-दोन किलोमीटरवर गाडी थांबवून साखळी पुन्हा आवळा. बाभळीची जाड साल दबते, चुरते आणि घट्ट बांधलेलं ओझं तेवढ्यातच सैल पडतं. ओंडक्यावर माणूस बसवू नका. मडगार्डवरही नको.

प्रश्न (ता. शिराळा) : नीलगिरी कधी तोडून कधी न्यावी? व्यापारी म्हणतो तोडल्या दिवशीच आणा.

उत्तर : व्यापाऱ्याला घाई आहे, कारण ओलं लाकूड चिरायला सोपं. तुम्हाला घाई नसावी. झाड पाडल्यावर फांद्या-पाला दोन-तीन आठवडे तसाच राहू द्या. पाला बुंध्यातलं पाणी ओढतो आणि लाकूड हलकं होतं. वजनावर विकत असाल तर नुकसान होईल, म्हणून टनाचा दर आधी बोलून घ्या. फार दिवस ठेवू नका, नीलगिरी टोकाला तडकते. साल सोललेला ओंडका साबणासारखा निसटतो, तो सालीसकटच वाहा.

पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत भरली ट्रॉली घालू नका. रात्री तर नकोच. हंगामात सडका उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या असतात, त्यातल्या कित्येकांना मागं दिवाही नसतो. गळीत संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, दिवसाउजेडी न्या. ट्रॉलीबाहेर लाकूड आलं तर तेवढं कापा; लाल फडकं बांधून भागत नाही.

प्रश्न (ता. जावळी) : परवानगी लागते का? अपघात झाला तर मदत मिळते का?

उत्तर : आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, हिरडा ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोडण्याआधी परवानगी घ्या, वाहतुकीच्या पासचंही परवानगी देणाऱ्या कार्यालयातच विचारा. शेतीच्या नावावर पासिंग असलेला ट्रॅक्टर भाड्यानं लाकूड वाहताना उलटला तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते, हे ट्रॅक्टरमालकाशी आधीच बोला. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे : मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये, एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास 1 लाख. वय 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत. सातबारा आणि पंचनाम्याची प्रत सोबत आणा.