घरी पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवरून टेस्ट रिपोर्ट पाठवले तर खरंच कुणाला उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कोडिंग जेमतेम जमतं, घरी 32-बिटचा एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय. वेगवेगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर तपासून रिपोर्ट पाठवणारे स्वयंसेवक असतात असं कुठंतरी वाचलंत, आणि आता विचारताय की यात काही अर्थ आहे का, की रेझ्युमेत एक ओळ वाढवायचा प्रकार आहे.

रेझ्युमेचं मला माहीत नाही. उपयोग होतो. आणि 32-बिट लॅपटॉप असेल तर माझ्यापेक्षा तुमच्या रिपोर्टांचा जास्त होईल, कारण तसली मशीन आता फार कुणी चालवत नाही.

मी नागपुरात एका पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. प्रोग्रामर नाही. केबल बघणं, फॉरमॅट मारणं, पोरांनी उडवलेला ड्रायव्हर परत घालणं हे माझं काम. लॅबमधून निकाली काढलेलं एक मशीन रीतसर पैसे भरून घरी आणलं आणि त्यावर पर्लचे मॉड्यूल, म्हणजे इतरांना वापरता येतील असे तयार कोडचे तुकडे, तपासते, म्हणून मी पर्लबद्दलच सांगू शकेन.

पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा 1987 ची. तिच्यासाठी लोकांनी लिहिलेले मॉड्यूल 1995 पासून सीपॅन नावाच्या एका भांडारात ठेवले जातात. मॉड्यूलबरोबर त्याच्या टेस्टसुद्धा येतात, हा तिथला जुना रिवाज. म्हणजे कुणीही ते उतरवून 'मेक टेस्ट' म्हटलं की आपल्या मशीनवर ते चालतं की नाही हे कळतं. मग हे कळलेलं लेखकापर्यंत पोचवायला काय हरकत आहे, या विचारातून 1998 मध्ये सीपॅन टेस्टर्स सुरू झालं. रिपोर्टला चारपैकी एक शेरा पडतो: पास, फेल, एनए किंवा अननोन. एनए म्हणजे हे मॉड्यूल या सिस्टिमसाठी किंवा पर्लच्या या आवृत्तीसाठी नाहीच, आणि अननोन म्हणजे टेस्टपर्यंत गाडी पोचलीच नाही किंवा टेस्ट नव्हत्याच. शेरा प्रोग्रामच देतो, आपण नाही.

लेखकाकडे स्वतःचा एक लॅपटॉप असतो, फार तर दोन. त्याच्याकडे विंडोज नसतं, ओपनबीएसडीसारखी फार कुणी न वापरणारी ऑपरेटिंग सिस्टिम तर नसतेच. विंडोजवर युजरच्या नावात स्पेस असली की फाइलचा पाथ मधेच तुटतो, हे ज्याच्या नावात स्पेस नाही त्याला कसं कळणार? मॅकवर साधारणपणे फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच धरलं जातं, लिनक्सवर दोन वेगळ्या फाइली होतात. 32-बिटमध्ये मोठे आकडे आणि 2038 नंतरच्या तारखा गडबडतात. मोठ्या कंपनीत यासाठी खोलीभर मशीन असतात. फुकट मॉड्यूल लिहिणाऱ्या एकट्या माणसाला ही खोली आपण सगळे मिळून पुरवतो.

माझा सगळ्यात लाडका फेल सांगते. ईमेलच्या वर जी तारीख असते ती तयार करणारं एक लहानसं मॉड्यूल होतं. शंभरावर पास, आणि माझ्याकडे फेल. टेस्टमध्ये हवं होतं +0530, मिळालं +0500. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून दोनदा परत चालवलं. मग कोड उघडला. पर्ल येत नसूनही ती ओळ कळली: वेळेतला फरक सेकंदांत घेतलेला, त्याला 3600 ने भागलेलं, आणि पुढे दोन शून्यं चिकटवलेली. आपल्या 19800 सेकंदांचे साडेपाच होतात, त्यातलं साडे गळून पाचच उरले. लेखक युरोपातला असावा, तिथं सगळं पूर्ण तासांत. बाकीचे टेस्टर बहुतेक भाड्याच्या सर्व्हरवर चालवणारे, त्यांची घड्याळं यूटीसीवर, म्हणजे शून्य फरकाच्या जागतिक प्रमाणवेळेवर. एवढ्या शंभर पासांमध्ये अर्ध्या तासाच्या घड्याळावर बसलेलं कुणीच नव्हतं. तीन दिवसांनी नवी आवृत्ती आली आणि बदलांच्या फाइलमध्ये अर्ध्या तासाच्या टाइमझोनबद्दल एक ओळ. माझं नाव नव्हतं त्यात, पण मी ती ओळ आमच्या मिस्टरांना दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे तू नागपुरात राहते हेच तुझं क्वालिफिकेशन!" चिडवायला म्हणाले, पण बरोबरच होतं. नेपाळातलं कुणी असतं तर पावणेसहामुळे आणखी मजा आली असती.

पास रिपोर्टही कामाचे असतात, आणि एकाच मशीनवरून पुन्हा पुन्हा पाठवलेले सुद्धा. 2013 मध्ये पर्ल 5.18 आलं तेव्हापासून हॅशमधल्या (म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातल्या) नोंदींचा क्रम दर वेळी प्रोग्राम सुरू झाला की बदलतो. ज्यांनी नकळत एक ठरावीक क्रम गृहीत धरला होता त्यांच्या टेस्ट तीनदा पास, चौथ्यांदा फेल असं करायला लागल्या. लेखक आपल्याकडे चालवून बघतो, पास येतं, आणि रिपोर्ट पाठवणाऱ्याला खोटं ठरवतो. एका माणसाच्या एका रिपोर्टवर हे सिद्ध होत नाही, ढिगावर होतं. 2017 च्या 5.26 मध्ये पर्लने चालू फोल्डरमध्ये आपोआप मॉड्यूल शोधणं बंद केलं तेव्हाही असाच फेलचा पाऊस पडला होता. त्यात मात्र चूक लगेच कळायची.

आता माझी फजिती, कारण ती तुमच्याकडेही होऊ शकते. मे महिना, नवतपा चालू. दिवसा मशीन एवढं तापायचं की मधेच बंद पडायचं, म्हणून मी ते रात्री कूलरच्या वाऱ्यात चालवायची. मॉड्यूलचं आख्खं भांडार डिस्कवर उतरवून ठेवलेलं, त्यामुळे नेट नसलं तरी अडत नाही. रिपोर्ट आधी एका फोल्डरमध्ये साठतात, सकाळी मी एकदम पाठवते. एका रात्री वादळ आलं, लाइट गेली, तासाभराने आली. मशीन आपोआप सुरू झालं, स्क्रिप्टही सुरू झाली. राउटर मात्र हँग झालेला. सकाळी तो बंद-चालू केला, चहा ठेवला, आणि न बघता रिपोर्ट पाठवून दिले.

दुपारी एका लेखकाची मेल. अगदी सभ्य भाषेत विचारलं होतं की तुमच्याकडे 2009 साल चालू आहे का?

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. लाइट गेली तशी तारीख 1 जानेवारी 2009 वर गेली, आणि नेट नसल्याने घड्याळ दुरुस्त झालं नाही. मग काय होतं बघा: उतरवलेल्या फाइलींवर खऱ्या तारखा, आणि आपण आत्ता बनवलेली मेकफाइल, म्हणजे मॉड्यूल कसं बांधायचं आणि तपासायचं ते सांगणारी फाइल, 2009 ची. पर्लला वाटतं ही मेकफाइल शिळी आहे. तो ती नव्याने बनवतो, 'मेक पुन्हा चालवा' असं सांगतो आणि थांबतो. टेस्ट सुरूच होत नाहीत. असे चाळीसेक अननोन मी रात्रभरात तयार केले होते आणि सगळे जगासमोर टांगले होते. प्रत्येकाला माफीची मेल लिहिली. बॅटरी तीस-चाळीस रुपयांची असते. सीआर 2032 म्हणून मागायची, सीताबर्डीवर घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळाली.

तेव्हापासून एक नियम पाळते. रात्रीत पाच-सहाच्या वर फेल किंवा अननोन दिसले तर आधी माझं मशीन दोषी. तारीख, डिस्कची जागा, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर हे बघते आणि मगच पाठवते. आमच्या लॅबमधला एक पोट्टा एकदा म्हणाला, "मॅडम, हे रोज तेच तेच काहून चालवता?" त्याला सांगितलं, चालवायला मशीन आहे, मी वाचते. वाचता वाचता जेवढं पर्ल आलं तेवढंच मला येतं. तुमचं कोडिंग जेमतेम असेल तर ही शिकवणी वाईट नाही: रोज कुणाचा तरी मोडलेला कोड समोर येतो, आणि कुठल्या ओळीवर मोडला तेही लिहिलेलं असतं.

सुरुवात करायला फार लागत नाही. लॅपटॉपवर 32-बिट चालणारं हलकं लिनक्स किंवा एखादी बीएसडी टाका. खरं सांगू तर बीएसडीच टाका, लिनक्सचे रिपोर्ट ढिगाने येतात. सीपॅन-रिपोर्टर हे मॉड्यूल बसवा, आपलं नाव आणि ईमेल घालून ओळखीची फाइल बनवा, सीपॅनच्या सेटिंगमध्ये टेस्ट रिपोर्ट चालू करा. पहिला आठवडा फक्त स्वतःला लागणारे मॉड्यूल तपासा. रात्रभर चालणारी स्क्रिप्ट नंतर.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. अनोळखी माणसांचा कोड तुम्ही आपल्या मशीनवर चालवताय, तर त्या लॅपटॉपवर बँक, फोटो, कॉलेजचा प्रोजेक्ट काहीही नको, आणि रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन कधीही चालवू नका. दुसरं, रिपोर्ट सगळ्यांना दिसतात. त्यात नाव, ईमेल, फोल्डरांचे पाथ असं सगळं जातं. मी यासाठी वेगळा ईमेल ठेवलाय आणि युजरचं नाव नुसतं 'टेस्टर'.

पर्लमध्ये रस नसेल तर लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्थिर आवृत्त्यांआधी कच्च्या आवृत्त्या येतात. त्या आपल्या हार्डवेअरवर चालवून बघणाऱ्यांची नावं 'टेस्टेड-बाय' म्हणून नोंदली जातात. तिथं नाव दिसतं, म्हणजे तुमच्या रेझ्युमेचंही काम होईल. पण कर्नल बूट झाला नाही तर रडत बसायची तयारी हवी.

आणि काहीही बसवण्याआधी लॅपटॉप एकदा पूर्ण बंद करा, चार्जर आणि बॅटरी काढून दहा मिनिटं ठेवा, मग सुरू करून तारीख बघा.