मतभेद असताना आदरपूर्वक आणि तर्कशुद्ध वाद कसा घालावा?

माझ्या मते पहिला नियम असा की, समोरच्याचे म्हणणे खोडण्याआधी ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत आपण मांडून दाखवावे. भारतीय तर्कपरंपरेत यालाच पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला, म्हणजे त्यावरील आपल्या उत्तराला, वजन येत नाही. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता दुसऱ्याचे फक्त खंडन करत राहणे ही वितंडा. आपण यांपैकी नेमके काय करत आहोत, हे बोलण्यापूर्वी स्वतःला विचारले तरी निम्मी कटुता टळते, असे मला मनापासून वाटते.

टीका विधानावर करावी, व्यक्तीवर नाही. ‘तुम्हाला यातले काही कळत नाही’ असे म्हटल्याने कोणताही मुद्दा सिद्ध होत नाही. ‘या निष्कर्षाला दिलेला पुरावा अपुरा आहे, कारण तो एकाच उदाहरणावर उभा आहे’ असे म्हटले, तर समोरच्याला उत्तर देण्याजोगे काहीतरी हाती लागते. समोरच्याच्या हेतूंविषयी तर्क लढवू नयेत. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यावा, आणि स्वतःची चूक लक्षात आल्यावर मुद्दा गुपचूप न बदलता ती स्पष्ट शब्दांत मान्य करावी; हे सर्वांत अवघड आहे, पण परस्परविश्वास त्यातूनच निर्माण होतो.