वाचक विचारतात: तीर्थन नदीत ट्राउट पकडायचाय आणि वरची तळी पण बघायचीत

प्रश्न (ठाणे): आम्ही चार मित्र सह्याद्रीत नेहमी भटकतो, गावच्या नदीवर गळ टाकायची पण सवय आहे. यंदा हिमाचलला जायचंय. चंद्रतालला मुक्काम करून तिथेच मासे पकडता येतील का? की दुसरीकडे जावं?

उत्तर: चंद्रतालला जा, जरूर जा, पण तिथे गळ नेऊ नका. सुमारे 4,250 मीटर उंचीवरचं तळं आहे ते, 2005 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, काठावर तंबू लावायलाही बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात. बघायचं, काठाने फेरी मारायची आणि परत यायचं.

मासेमारी करायची तर कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात जा. दिल्लीहून मनालीला जाणाऱ्या रात्रीच्या बसने औटच्या बोगद्याआधी उतरायचं, मग लारजी, बंजार करत गुशैणीपर्यंत लोकल बस किंवा जीप. नदीला लागूनच होमस्टे आहेत. पाण्यात ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट दोन्ही आहेत. हे मूळचे इथले मासे नाहीत, ब्राउन ट्राउट युरोपातला आणि रेनबो उत्तर अमेरिकेतला, ब्रिटिशांच्या काळात आणून सोडले आणि इथल्या थंड पाण्यात टिकले.

आणि ही नदी अजून मोकळी वाहतेय ती आपोआप नाही हां. इथे वीजप्रकल्प येणार होते, गावकरी आणि बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्याविरुद्ध कोर्टात लढले आणि प्रकल्प रद्द झाले. मला वाटतं तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला पाहिजे, कारण आपण ज्या पाण्यात गळ टाकतो ते लोकांनी भांडून राखलेलं पाणी आहे.

प्रश्न (कोल्हापूर): दिवाळीच्या सुट्टीत तीर्थनला चाललोय. होमस्टेवाले म्हणतात परवाना काढावा लागेल. खरंच लागतो का, की असंच चालतं? रॉड कुठला न्यावा?

उत्तर: लागतोच. मत्स्यविभागाकडून रोजचा परवाना घ्यायचा, होमस्टेवाले मदत करतात. त्यावर किती मासे ठेवता येतील, केवढ्या मापाचे, सगळं लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. फक्त रॉड आणि दोर, जाळं बिलकुल नाही.

पण आधी तुमची तारीख बघा! 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात मासेमारी पूर्ण बंद असते. ब्राउन ट्राउट थंडीतच अंडी घालतो, मादी नदीच्या तळाच्या बारीक खडीत खळगा करून त्यात अंडी सोडते, अशा वेळी पाण्यात उतरून नुसतं चाललं तरी ती चिरडतात. म्हणून दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर रॉड नेऊ नका, फक्त चालायला जा, खोरं तेव्हाही सुंदरच असतं. गळ टाकायचा तर मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरअखेर. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळ होतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर दरडी कोसळतात, तेव्हा नकोच.

सामान साधंच ठेवा. सहा-सात फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, छोटे स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं खोटं आमिष), एकच हुक असलेले, आणि त्या हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. विमानाने जात असाल तर हुक चेक-इन बॅगेत.

मासा सोडून द्यायचा असेल तर आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. फोटोसाठी पाण्याबाहेर धरून उभे राहू नका. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच हलकं धरायचं, दम आला की तो स्वतःच निघून जातो.

प्रश्न (नाशिक): तीर्थनपासून एका दिवसात होईल असं एखादं डोंगरातलं तळं आहे का? सोबत आई आहे, वय 60 च्या पुढे, चालते चांगली. आणि त्या तळ्यात मासे पकडले तर चालेल का?

उत्तर: सेरोलसर. बंजारहून गाडीने जलोडी जोतपर्यंत (जोत म्हणजे खिंड) जायचं, साधारण 3,100 मीटरवर आहे, तिथून जंगलातून पाचेक किलोमीटर चाल, चढउतार फार नाही. काकूंना जमेल, फक्त उंचीमुळे दम लागतो म्हणून सावकाश, आणि आदल्या रात्री मुक्काम खोऱ्यातच करा. डिसेंबरपासून बर्फाने जोत बंद होते.

मासे मात्र नाही पकडायचे. काठावर बूढी नागिनचं देऊळ आहे, लोक देवीला तूप वाहतात आणि सांगतात की पाण्यात पान पडलं की एक छोटा पक्षी येऊन ते उचलून नेतो. आपल्या महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीतले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही ना, तसंच आहे हे. चपला काढा, प्लास्टिक खिशात ठेवा.

प्रश्न (पुणे): मुलं 10 आणि 13 वर्षांची. नदीत उतरणं सेफ आहे का? आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत गळ टाकता येतो का?

उत्तर: पार्कच्या आत नाही. 2014 पासून ते जागतिक वारसा आहे, आत फक्त चालायचं, त्यासाठीही परवानगी साई रोपा इथल्या पार्कच्या ऑफिसातून घ्यायची. गुशैणीहून रोल्लापर्यंतची वाट मुलांना झेपते, बहुतेक वाट नदीच्या काठाकाठानेच आहे.

सेफ्टीचं मात्र मनापासून सांगतो. तीर्थन लारजीजवळ जाऊन बियासला मिळते, आणि त्याच भागात 8 जून 2014 ला बियासच्या खडकांवर फोटो काढत उभी असलेली हैदराबादची 24 मुलं धरणातून पाणी सोडल्यावर वाहून गेली. कोरडा दिसणारा खडक काही मिनिटांत पाण्याखाली जातो. म्हणून धरणाच्या खाली कुठेही पात्रात उतरू नका, म्हणजे नाहीच. तीर्थनवर वरच्या अंगाला धरण नाही, पण बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं, त्यामुळे ओढा ओलांडायचा तर सकाळीच. पाण्याचा रंग बदलला, काड्याकुड्या वाहत यायला लागल्या की मुलांना लगेच वर काढा, गळ अडकला असेल तर दोर तोडून टाका, रॉडसाठी थांबू नका. पहिल्या दिवशी गावातला एखादा जाणकार माणूस पैसे देऊन सोबत घ्या, कुठला खडक निसरडा आणि कुठला डोह खोल हे त्याला नेमकं माहीत असतं.